नाताळ नसलेलं नाताळचं पुस्तक

“मग बर्फोबा म्हणाला, ‘बाळा, तुमच्या घरात फार उकडतंय रे मला.’”

“तो असं कुठे म्हणाला?”

“म्हणाला तर! हे बघ ना त्याचं तोंड.”

“बाबा सांगतात तेव्हा तो घाबरलेला असतो.”

“तुझ्या बाबाला काय कळतंय?”

लंडनच्या हॅरो भागातलं माझ्या धाकट्या बहिणीचं घर. डिसेंबरचा तिसरा आठवडा, दुपारचे चार वाजलेले आणि बाहेर अंधारून आलेलं. बहिणीच्या सासूबाई वाईहून सहा महिन्यांच्या व्हिसावर आल्या आहेत. इतकी वर्षं जोडीनं यायच्या, या वेळी पहिल्यांदाच एकट्या. त्यांच्या मांडीवर चार वर्षांचा नातू, आणि नातवाच्या मांडीवर त्याच्याहून रुंद वाटावं असं एक पुस्तक. आजींना इंग्रजी बेताचंच वाचता येतं. नातवाला अजून अक्षरओळखच चालली आहे. तरीही दोघं गेला पाऊण तास पुस्तक वाचताहेत आणि त्यावर भांडताहेत. पुस्तकात एकही शब्द नसल्यामुळेच हे जमतं आहे.

संपादकांनी या वर्षीच्या अंकासाठी ‘शब्दांविना’ हा विषय कळवला, तेव्हा गेल्या डिसेंबरातली ही दुपार मला आठवली. पुस्तक होतं रेमंड ब्रिग्ज यांचं ‘द स्नोमॅन’. १९७८ साली लंडनच्या हॅमिश हॅमिल्टन या प्रकाशनसंस्थेनं ते काढलं. पुढे त्याचा टीव्हीपट झाला, गाणं झालं, रंगमंचावरचा नृत्यनाट्यप्रयोग झाला, चित्रपटाचा दुसरा भाग आला, ब्रिटनच्या टांकसाळीनं पन्नास पेनीच्या नाण्यावर त्या स्नोमॅनला बसवलं. आज इंग्लंडमध्ये नाताळ म्हटलं की डोळ्यांपुढे येणाऱ्या पाच-दहा गोष्टींत तो आहेच. बहिणीकडच्या त्या दोन आठवड्यांच्या मुक्कामात जिथे जिथे तो भेटेल तिथे तिथे मी त्याच्या मागे गेले. पण सुरुवात पुस्तकापासूनच करायला हवी.

बत्तीस पानांतली एक रात्र

गोष्ट एवढीशी आहे. एक मुलगा सकाळी उठतो, खिडकीबाहेर बर्फ पडलेला असतो. तो दिवसभर खपून एक स्नोमॅन करतो, त्याला हॅट घालतो, मफलर गुंडाळतो, नाकाच्या जागी छोटं संत्रं बसवतो. रात्री झोप येत नाही म्हणून दार उघडून बघतो, तर स्नोमॅन हॅट उचलून नमस्कार करतो आहे. मुलगा त्याला घरात घेतो. पुढची कितीतरी पानं नुसतं घर दाखवण्यात जातात, आणि मला विचाराल तर पुस्तकाचा जीव त्याच पानांत आहे. दिव्याचं बटण, नळ, टीव्ही, ऊब धरून बसलेलं मांजर. आईवडील गाढ झोपलेत, त्यांच्या खोलीत ग्लासात ठेवलेली कवळी. बाबांचा टाय, बाबांची पॅंट. गरम वस्तू दिसली की पाहुणा दचकून मागे सरतो आणि फ्रीझर उघडला की सुखानं आत आडवा होतो. गॅरेजमधल्या मोटारीत दोघं बसून बघतात. मग स्नोमॅन मुलाचा हात धरून त्याला आकाशात नेतो. परत येतात, निरोप घेतात, मुलगा झोपतो. सकाळी धावत बाहेर येतो तर बर्फाचा एक लहानसा ढीग, त्यावर हॅट आणि मफलर. मुलगा आपल्याकडे पाठ करून उभा. पुस्तक संपलं.

या सगळ्यात नाताळ कुठेच नाही. झाड नाही, तारे-झुंबरं नाहीत, भेटवस्तू नाहीत, सांताक्लॉज नाही. ती हिवाळ्यातली कुठलीही रात्र असू शकते. मी पुस्तक तीनदा उलटसुलट चाळलं, शेवटच्या वेळी मुद्दाम कोपरेही तपासले. नाही म्हणजे नाही. ब्रिग्ज यांना स्वतःला नाताळाचं फारसं प्रेम नव्हतं, आणि हे नाताळचं पुस्तक नाही असं ते सांगत असत. नाताळ नंतर आला, कुठून ते पुढे सांगते.

शब्दांशिवाय गोष्ट सांगायची तर सगळा भार चौकटींवर येतो. ब्रिग्ज यांची युक्ती साधी आणि फार विचार केलेली आहे. स्नोमॅन घडत असताना, घरात हिंडताना, चौकटी लहान-लहान आणि पानावर दाटीनं येतात. एक हात पुढे, एक पाऊल मागे, मान वळली, डोळे मोठे झाले, असं चित्रागणिक घडतं. तिथे काळ हळू चालतो आणि बघणाऱ्याचं बोट एकेका चौकटीवर टेकतं. उड्डाण आलं की चौकटी फुटतात, चित्र पानभर पसरतं, आणि बोट आपोआप उचललं जातं. नातवाचं बोट मी बघत होते. त्याला कुणी शिकवलेलं नाही. मोठं चित्र आलं की तो हात बाजूला घेतो आणि मान मागे करतो.

आपल्याकडे माधुरी पुरंदरे यांचं ‘चित्रवाचन’ ज्यांनी मुलांना मांडीवर घेऊन पाहिलं असेल, त्यांना हा अनुभव नवा नाही. चित्रं गप्प राहिली की घर बोलायला लागतं.

चिखलानंतरची शुभ्रता

रेमंड ब्रिग्ज यांचा जन्म १९३४ चा, लंडनच्या विंबल्डनमधला. वडील अर्नेस्ट घरोघरी दूध घालणारे गवळी, आई एथेल लग्नापूर्वी एका श्रीमंत घरी मोलकरीण. मुलानं चित्रकार व्हायचं ठरवलं, विंबल्डनच्या आणि नंतर स्लेडच्या कलाशाळेत शिकला, ब्रायटनमध्ये चित्रकला शिकवू लागला. १९७३ मध्ये त्यांचं ‘फादर ख्रिसमस’ आलं. त्यातला सांताक्लॉज थंडीला शिव्या घालत, कुरकुरत कामावर निघतो. वडिलांची पहाटेची दूधफेरी त्यात उतरली होती. त्या पुस्तकाला ब्रिटनमधलं चित्रकारांचं मानाचं केट ग्रीनअवे पदक मिळालं.

पण त्याच काळात घरात एकामागून एक घाव बसले. १९७१ मध्ये आई आणि वडील दोघंही गेले, १९७३ मध्ये पत्नी जीन रक्ताच्या कर्करोगानं गेली. १९७७ मध्ये आलेलं ‘फंगस द बोगीमॅन’ हे पुस्तक म्हणजे शेवाळ, शेंबूड, चिखल आणि शब्दांचा नुसता पूर. त्यावर दोन वर्षं घालवल्यावर आता काहीतरी स्वच्छ, हलकं, शब्दांशिवायचं करावं असं त्यांना वाटलं. मग एके सकाळी बर्फ.

काळ्या शाईची ठसठशीत रेघ त्यांनी बाजूला ठेवली आणि रंगीत पेन्सिली घेतल्या, शाळकरी पोरांच्या दप्तरात असतात तशाच. पान डोळ्यांजवळ धरलं तर रंग कागदाच्या दाण्यांवर अडकलेला दिसतो, खालचा पांढरा मधूनमधून डोकावतो. बर्फ रंगवलेला नाही, बराचसा कागद तसाच सोडला आहे. स्नोमॅनची कड म्हणजे राखाडी-निळ्या पेन्सिलीचा घासलेला काठ. इतका मऊ, की तो कधीतरी विरघळणार हे पहिल्या चित्रापासूनच दिसत असतं.

ब्रिग्ज मुलाखतींत अगदी सरळ सांगत असत, हे पुस्तक मरणाबद्दल आहे. स्नोमॅन वितळतो, आईवडील जातात, पाळलेली जनावरं जातात, फुलं जातात. मुलांना आज ना उद्या हे कळणारच. त्यांना त्यात क्रूर असं काही वाटत नव्हतं.

डिचलिंगच्या टेकडीवर

ब्रायटनहून बस पकडून मी डिचलिंग बीकनला गेले. साउथ डाउन्स या खडूच्या टेकड्यांच्या रांगेतला हा एक उंच माथा, २४८ मीटर. आपल्या सह्याद्रीत वाढलेल्या डोळ्यांना ते टेकाडच. पण वारा असा, की बोलायला तोंड उघडवत नव्हतं. उत्तरेकडे उतार एकदम खाली जातो आणि पायथ्याशी वेस्टमेस्टन नावाचं चिमुकलं गाव दिसतं. ब्रिग्ज अनेक वर्षं तिथेच राहिले. २०२२ च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, ते गेले.

दक्षिणेकडे तोंड केलं की दूरवर ब्रायटन आणि त्यापलीकडे समुद्राची राखी पट्टी. म्हणजे पुस्तकातलं उड्डाण कुठल्या परीराज्यात गेलेलं नाही. घरामागच्या टेकड्या ओलांडायच्या, गाव गाठायचं, समुद्राशी थांबायचं आणि उजाडायच्या आत परतायचं. ब्रिग्ज नोकरीसाठी ये-जा करायचे तोच हा मुलूख. गूढ गोष्ट आपल्या रोजच्या रस्त्यावर घडवायची, ही त्यांची सवय मला फार आवडते.

माथ्यावर बर्फाचा कणही नव्हता. होता तो चिखल, खडूमुळे पांढुरका. इंग्लंडच्या या दक्षिण भागात डिसेंबरात टिकेल असा बर्फ क्वचित पडतो. इथली बहुतेक मुलं पुस्तकातला बर्फ आणि खिडकीतला पाऊस बघतच मोठी होतात. हे कळल्यावर पुस्तकाचं वेड जास्त समजलं.

उतरून ब्रायटनला आले. उड्डाणाच्या वाटेवर येणारा रॉयल पॅव्हेलियन बघायचा होता. चौथ्या जॉर्जसाठी वास्तुविशारद जॉन नॅश यांनी १८१५ ते १८२२ या काळात उभा केलेला, भारतीय घुमट-मिनारांची नक्कल करणारा हा राजवाडा. पहिल्या महायुद्धात, १९१४ ते १९१६ दरम्यान, फ्रान्सच्या आघाडीवर जखमी झालेल्या भारतीय सैनिकांचं इस्पितळ याच घुमटांखाली होतं. त्यांतले जे हिंदू आणि शीख सैनिक इथे दगावले त्यांना याच टेकड्यांवर अग्नी दिला गेला. त्या जागी आज संगमरवरी छत्री उभी आहे, तिचं नावच ‘द छत्री’. त्या चित्रातल्या मुलाला आणि स्नोमॅनला यातलं काही ठाऊक नाही, पण त्यांच्या पायांखाली ते आहे, आणि पॅव्हेलियनसमोरच्या बाकावर बसल्यावर मला ते विसरता येईना.

सव्वीस मिनिटं

१९८२ च्या नोव्हेंबरात ब्रिटनमध्ये चॅनल फोर ही नवी दूरचित्रवाहिनी सुरू झाली. त्याच वर्षी २६ डिसेंबरला तिच्यावर ‘द स्नोमॅन’ दाखवला गेला. निर्माते जॉन कोट्स, दिग्दर्शिका डायॲन जॅक्सन. कोट्स यांच्या टीव्हीसी या स्टुडिओनं पूर्वी बीटल्सचा ‘यलो सबमरीन’ केला होता.

पंधरा मिनिटांत चाळून होणारं पुस्तक सव्वीस मिनिटांचं कसं करायचं? पुस्तकातलं उड्डाण समुद्रापर्यंत जाऊन मागे वळतं. चित्रपटवाल्यांनी ते तसंच पुढे नेलं, उत्तर ध्रुवापर्यंत. तिथे देशोदेशीच्या स्नोमॅनांची मैफल भरली आहे आणि यजमान आहेत सांताक्लॉज. ते मुलाला एक निळा मफलर देतात. नाताळ आला तो असा. ब्रिग्ज यांना ही भर सुरुवातीला बटबटीत वाटली होती, नंतर त्यांनी ती मान्य केली. पुस्तकातल्या बिननावाच्या पोराला नावही इथेच मिळालं. भेटवस्तूच्या चिठ्ठीवर काहीतरी लिहिणं भाग होतं, तेव्हा चमूतल्या जोआना हॅरिसन यांनी आपल्या त्या वेळच्या मित्राचं नाव टाकलं, जेम्स. मोटारीत नुसतं बसण्याऐवजी मोटरसायकलची भन्नाट फेरी आली.

पण खरं अवघड काम वेगळंच होतं, पेन्सिलीचा दाणा पडद्यावर टिकवण्याचं. त्या काळच्या कार्टूनमध्ये पारदर्शक सेलवर काळी बाह्यरेषा आणि आत सपाट रंग भरायची पद्धत होती. तसं केलं असतं तर स्नोमॅन प्लॅस्टिकचा झाला असता. म्हणून सेलवर खडू आणि क्रेयॉननं हातानं रेघोट्या ओढून छटा भरल्या गेल्या. पार्श्वभूमीही त्याच साधनांनी केली, म्हणजे माणूस आणि मागचं झाड एकाच कागदावरचे वाटावेत. सेकंदाला बारा चित्रं धरली तरी सव्वीस मिनिटांना अठरा हजारांवर चित्रं होतात, आणि प्रत्येकात रेघोट्या नव्यानं ओढायच्या. कितीही कसबी हात असला तरी दोन चित्रांतल्या रेघोट्या तंतोतंत जुळत नाहीत. त्यामुळे स्नोमॅन स्थिर उभा असतानाही त्याचं अंग सूक्ष्मसं थरथरत राहतं. बहिणीच्या टीव्हीवर मी ते जवळ जाऊन पाहिलं. बर्फ श्वास घेतोय असं वाटतं. संगणकानं आज हे सहज गुळगुळीत करून टाकलं असतं, आणि श्वास गेला असता.

संवाद ठेवायचे नाहीत, सलग संगीतच ठेवायचं, हा आग्रह संगीतकार हॉवर्ड ब्लेक यांचा. चॅनलला पटवण्यासाठी कच्च्या रेखाटनांची छोटी फीत तयार केली होती, तिच्यावर ब्लेक यांनी स्वतः पियानो वाजवला. पडद्यावर पाऊल पडतं तिथे वाद्याचा ठोका पडतो, मांजर वळतं तिथे सूर वळतो. पुस्तकात जे काम आजीचं तोंड करतं, ते इथे वाद्यवृंद करतो. फरक इतकाच की वाद्यवृंद दर वेळी तेच सांगतो.

चित्रपटाला बाफ्टा मिळालं, ऑस्करचं नामांकन मिळालं. सुरुवातीला ब्रिग्ज स्वतः शेतातून चालताना दिसायचे. अमेरिकेत विकायला प्रसिद्ध चेहरा हवा म्हणून ती जागा डेव्हिड बोवी यांनी घेतली. ते माळ्यावर जाऊन खणातून तो निळा मफलर काढतात, जणू मोठा झालेला जेम्स तेच. ही प्रस्तावना अनेकांची लाडकी आहे. मला मात्र ती नको होती. मफलर पुरावा होतो, आणि रात्र खरी होती की नव्हती हे पुस्तकानं मुलावर सोडलं होतं.

एका आवाजाचं देणं

प्रस्तावना सोडली तर सबंध चित्रपटात शब्द येतात ते एकाच ठिकाणी, उड्डाणाच्या वेळी, ‘वॉकिंग इन द एअर’ या गाण्यात. ब्लेक यांच्याकडे ही चाल बरीच वर्षं पडून होती. गायला तो सेंट पॉल्स कॅथीड्रलच्या गायकवृंदातला पीटर ऑटी नावाचा मुलगा. मूळ श्रेयनामावलीत त्याचं नावच नव्हतं. तीन वर्षांनी, १९८५ मध्ये, एका जाहिरातीसाठी गाणं पुन्हा हवं होतं, तोवर ऑटीचा आवाज फुटला होता. मग वेल्सच्या ॲलेड जोन्स या मुलानं ते गायलं, ते तबकडीवर आलं, ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पाचव्या क्रमांकावर गेलं आणि चित्रपटातही जोन्सच गायला आहे अशी साऱ्या देशाची समजूत झाली. ऑटी यांचं नाव चित्रपटाला वीस वर्षं झाल्यावर, २००२ मध्ये जोडलं गेलं. ते पुढे ऑपेरागायक झाले. एका लहान मुलानं जीव ओतून केलेल्या कामावर त्याचं नाव यायला वीस वर्षं लागावीत, ही खरंच लागणारी गोष्ट आहे.

पीकॉक थिएटर, दुसरी रांग

‘द स्नोमॅन’चा रंगमंचप्रयोग १९९३ मध्ये बर्मिंगहॅममध्ये सुरू झाला आणि १९९७ पासून दर नाताळात लंडनच्या पीकॉक थिएटरात येतो. नृत्यरचना रॉबर्ट नॉर्थ यांची, संगीत अर्थात ब्लेक यांचं. भाच्याला घेऊन गेले. आवारात मुलांचा कल्ला, आईबापांच्या हातांत ओले कोट, आणि प्रत्येक तिसऱ्या मुलाच्या हातात कापडी स्नोमॅन.

प्रयोगाची गंमत पडद्यापुढच्या खड्ड्यात बसलेल्या वादकांपासून सुरू होते. भाचा आधी त्यांच्याकडेच टक लावून बसला. रंगमंचावर स्नोमॅन म्हणजे जाड पोशाखातला नर्तक, आणि त्या फुगीर अंगाखाली त्याचे पाय केवढे हलके पडतात! पूर्ण संध्याकाळ भरायची म्हणून इथेही नवी मंडळी आली आहेत. पेंग्विन आहेत, बर्फाची राजकन्या आहे, आणि तिच्यावर डोळा ठेवणारा जॅक फ्रॉस्ट हा खलनायक आहे. खलनायक आला की मुलं सावरून बसतात हे खरं. पण मला तो परका वाटला. या गोष्टीत वाईट असं कुणीच नाही, सकाळ होते इतकंच, आणि तेच पुरेसं असतं.

उड्डाणाला मात्र माझ्या सगळ्या तक्रारी गळून पडल्या. दोघं हात धरून धावतात, त्याच गाण्याचा पहिला सूर येतो आणि पाय जमिनीवरून सुटतात. तारा दिसतात. दुसऱ्या रांगेतून तर स्पष्टच दिसतात, पाठीला अडकवलेला पट्टाही दिसतो. भाच्यानं मला कानात सांगितलं, “मावशी, दोरी आहे.” आणि पुढच्या क्षणी माझा हात घट्ट धरला.

कुत्रा

ब्रिग्ज यांनी पुढच्या भागाला अनेक वर्षं नकार दिला. २०१२ मध्ये, पहिल्या चित्रपटाच्या तिसाव्या वर्षी, ‘द स्नोमॅन अँड द स्नोडॉग’ आला, पुन्हा हातानं काढलेल्या चित्रांचा. जॉन कोट्स त्याच वर्षी सप्टेंबरात गेले, त्यांना तो अर्पण केला आहे. त्यात एका मुलाचा म्हातारा कुत्रा मरतो, मग मुलगा स्नोमॅनबरोबर बर्फाचा कुत्राही करतो. सकाळी स्नोमॅन वितळलेला असतो, कुत्रा मात्र खराखुरा होऊन समोर उभा राहतो.

मला हा चित्रपट आवडला, डोळेही भरून आले. तरी वाटलं, इथे कुणाचा तरी धीर सुटला. नाव द्या, नाताळ द्या, खलनायक द्या, मूळ गोष्ट ते सगळं पोटात घेते. पण शेवटच्या चित्राला तोवर कुणी हात लावला नव्हता.

लहानपणी दिवाळीत आम्ही अंगणात मातीचा किल्ला करायचो. बुरुजांवर अळीव पेरायचो, चार दिवसांत हिरवळ उगवायची. तुळशीच्या लग्नापर्यंत माती भेगाळायची, तट खचायचा. मावळे उचलून खोक्यात ठेवायचे आणि उरलेल्या ढिगाकडे बघत उभं राहायचं. कुणी समजूत घालायला यायचं नाही, आणि मला आठवतं, कुणी यावं असं वाटतही नव्हतं.

शेवटचं पान

निघायच्या आदल्या संध्याकाळी पुन्हा ती दोघं सोफ्यावर. मी बॅग भरता भरता ऐकत होते. आज बर्फोबाला फ्रीझरमध्ये मटार सापडले होते. काल आइस्क्रीम सापडलं होतं. कवळीच्या चित्रापाशी आजींनी आपली स्वतःची कवळी जिभेनं हलवून दाखवली आणि नातू हसून हसून आडवा झाला. उड्डाणात आज वाईचा गणपतीघाट लागला, आजींनी खाली कृष्णा नदी दाखवली, नातवानं ती मान्य केली.

मग सकाळ झाली. मुलगा जिना उतरला, दाराकडे धावला. आजींनी पान उलटलं आणि त्या थांबल्या. चौकटीगणिक बोलणारी ही बाई या चित्रावर दर वेळी गप्प होते, हे मी एव्हाना ओळखलं होतं. नातूही काही विचारत नाही. त्यानं ढिगावरच्या हॅटवर बोट ठेवलं, मग मफलरवर.

“ओली झाली असेल ना गं टोपी?”

“झाली असणारच,” आजी म्हणाल्या. “वाळत घालायला हवी.”